बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी डोकेदुखी, चौदाव्या दिवशी फीट : मेंदूच्या शिरेत गुठळी. कोणाला अनुभव आहे का?

सेलूकर
नमस्कार मंडळी. नेहमी नुसतं वाचत असतो, आज लिहायची वेळ आली. माझी धाकटी बहीण, वय २६, पहिलं बाळंतपण, सिझर झालं, मुलगी झाली. सगळं नीट होतं. माहेरी आमच्याकडंच होती. बाराव्या दिवशी डोकं दुखायलंय म्हणली. आईला वाटलं जागरण, वारं लागलं असंल, डोक्याला फडकं घट्ट बांधलं. रात्री झोपली की जास्त ठणकायचं आणि पहाटे उलटी. जवळच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी दुखण्याची गोळी आणि ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. चौदाव्या दिवशी दुपारी बाळाला पाजता पाजता तिचा उजवा हात वाकडा व्हायला लागला आणि फीट आली. बाळ मांडीवरून घसरलं, आईनं कसं झेललं तिलाच माहीत.

शेजारचे म्हणले सटवाईचं आहे, उतारा करा. मी १०८ ला फोन केला. परभणीत सीटी केला, त्यात नीट काही कळलं नाही, मग नांदेडला एमआरआय केल्यावर कळलं की मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी झालीय आणि थोडा रक्तस्राव पण आहे. आज आयसीयूत पाचवा दिवस. शुद्धीवर आहे पण बोलताना शब्द सापडत नाही, काल चमच्याकडं बोट दाखवून 'ते... ते दी' म्हणत होती.

विचारायचं एवढंच की हे कशामुळं होतं आणि माणूस यातून बरा होतो का. आणि एक, आई रात्रंदिवस रडायलीय की मीच तिला पाणी दिलं नाही. आमच्याकडं बाळंतिणीला पाणी तोडून देतात, एप्रिलचं ऊन आणि दिवसाला दोन पेले कोमट पाणी, त्यानं झालं का हे?

बालाघाट
दादा धीर धरा. काही लागलं तर सांगा, नांदेडात माझा मेव्हणा आहे, डबा पोहोचवीन.

जालना_एमडी
सेलूकर, तुम्ही उताऱ्याच्या नादी न लागता १०८ ला फोन केला हे फार मोठं काम झालंय. मी तुमच्या बहिणीला तपासलेलं नाही त्यामुळे तिच्याबद्दल तिथले डॉक्टर सांगतील तेच खरं, पण आजार काय आहे ते सांगतो.

आपल्याला पॅरालिसिस माहीत असतो तो बहुतेक वेळा मेंदूला रक्त नेणारी धमनी बंद पडल्यामुळे. इथं उलटं आहे. रक्त येतंय पण बाहेर जायची वाट बंद. शेतात मोटार चालू आहे आणि पुढे पाट तुंबला की पाणी कुठं जाईल? वाफा भरतो, बांध फुटतो. तसंच मेंदूत सूज येते आणि कधी बारक्या शिरा फुटून रक्तस्राव होतो. या मोठ्या वाहिन्यांना सायनस म्हणतात, नाकाच्या सायनसशी याचा संबंध नाही, मेंदूभोवतीच्या जाड आवरणात त्या असतात. आडवं झालं, खोकलं, जोर केला की डोक्यातला दाब आणखी वाढतो म्हणून डोकं झोपल्यावर जास्त दुखतं, पहाटे उलटी होते. तुमच्या बहिणीचं वर्णन अगदी तसंच आहे.

कारण एकच नसतं. गरोदरपणात, आणि त्याहून जास्त बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, बाईचं रक्त पटकन गोठतं, कारण बाळंतपणात रक्त जास्त जाऊ नये ही शरीराची सोय आहे. त्यात सिझर, त्यात रक्त कमी असणं, त्यात इन्फेक्शन, त्यात पाणी कमी. असं एकावर एक चढत जातं.

बरं होतं का? होतं. २००४ साली २१ देशांतल्या ६२४ पेशंटचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साधारण सव्वा वर्षानंतर बघितलं तर ७९ टक्के लोक पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे होते. सुमारे ८ टक्के दगावले, तेही खरं आहे, लपवत नाही. कोमात गेलेले, आतल्या खोल शिरा बंद झालेले, कॅन्सर किंवा मेंदूत इन्फेक्शन असलेले यांचं अवघड होतं. तरुण बाई, शुद्धीवर असलेली, हे जमेच्या बाजूला धरा.

सेलूकर
डॉक्टर साहेब लै आभार. आईला तुमचं वाचून दाखवलं. एक कळंना झालंय, रक्तस्राव आहे म्हणतात आणि रक्त पातळ करायचं इंजेक्शन पोटात द्यायलेत. मी सही करताना हात थरथरत होता. हे बरोबर आहे का?

जालना_एमडी
बरोबर आहे. हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो आणि पूर्वी डॉक्टरांनाही पडायचा. १९९१ मध्ये जर्मनीत २० पेशंटवर प्रयोग झाला, दहा जणांना हेपरिन, म्हणजे रक्त पातळ करायचं औषध, दहा जणांना नाही. हेपरिनवाल्यांत एकही दगावला नाही आणि आठ जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्या गटात तिघं गेले. फरक इतका उघड होता की प्रयोग मधेच थांबवला. आधीच रक्तस्राव झालेल्यांनाही फायदा दिसला. कारण तो रक्तस्राव तुंबल्यामुळे आहे, पाट मोकळा झाला की बांधावरचा दाब उतरतो. बिनधास्त सही करा.

मालतीमावशी
माझी सहा बाळंतपणं झाली, सुनांची पाच केली. सगळ्यांना पाणी मोजूनच दिलं, शेगडी दिली, धुरी दिली. कोणाला काही झालं नाही. आताच्या पोरींना रक्तच नाही अंगात, ते बघा आधी. उगं जुन्या बायांना नावं ठेवू नका.

लातूरची_लेक
मावशी राग मानू नका पण तुमच्या अकरा बाळंतपणांत झालं नाही म्हणून पाणी तोडणं बरोबर ठरत नाही. माझ्या बाळंतपणात लातूरला टँकरचं पाणी होतं, उन्हाळा, पत्र्याची खोली, त्यात शेगडी. घामानं गादी भिजायची आणि मला पाणी मागायची चोरी. 'पोट सुटतं' म्हणायची सासू. शेवटी नवऱ्यानं रात्री चोरून माठातला तांब्या आणून दिला, तो मी एका दमात संपवला, त्याची चव अजून आठवते मला.

भूमकन्या
पोट सुटतं ते काही पाण्यानं नाही सुटत, माझी आजी आयुष्यभर पाणी तोडून पिली आणि तिचं पोट बघितलं असतं तुम्ही तर 😄 जाऊ द्या, लई गोड बाई होती.

जालना_एमडी
मालतीमावशी, तुमचं रक्ताचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. लोहाची कमी हे गुठळीचं मान्य झालेलं कारण आहे, आणि आपल्या भागात गरोदर बाईचं हिमोग्लोबिन आठ-नऊ असणं रोजचं झालंय. खारीक खोबरं, अळीव, डिंकाचे लाडू सगळं द्या. फक्त पाणी तोडू नका. बाळाला पाजणाऱ्या बाईला उलट जास्त पाणी लागतं, तहान लागेल तेवढं आणि वर थोडं.

आणि सेलूकर, आईला सांगा, एकट्या पाण्यामुळे झालं असं कोणीच ठामपणे म्हणू शकत नाही. त्याच ६२४ पेशंटच्या अभ्यासात ४४ टक्के लोकांत एकापेक्षा जास्त कारणं सापडली होती. आईनं जे तिला शिकवलं गेलं ते केलं. तिला दोष देऊ नका.

गोदाकाठ
धागा बघून राहवलं नाही. हा फक्त बायांचा आजार आहे असं कोणी समजू नका. मी पुरुष, तेव्हा ३४ वर्षांचा, गंगाखेड साईडचा. मे महिन्यात चुलत भावाचं लग्न, तीन दिवस दारू, पाणी नाही, उन्हात वरात. चौथ्या दिवशी डोकं धरलं. मला वाटलं उतरंल. दुखण्याच्या गोळ्या खात अकरा दिवस काढले. मग एसटी स्टँडवर उभा होतो तर गाडीच्या पाटीवरचं 'परळी' मला दोन दोन दिसायलं, एक सरळ आणि एक तिरकं. डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो म्हणून वाचलो, त्यांनी आत लाईट मारून बघितलं आणि म्हणाले, मेंदूतून येणारी नस सुजलीय, चष्म्याचं काम नाही, आजच्या आज हैदराबादला निघा.

तिथं तपासण्या झाल्या, होमोसिस्टीन (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा एक घटक) लै वाढलेलं निघालं, बी१२ तळाला. आमचं घर माळकरी, मांस-अंडी बंद, दूध विकायला जातं. रक्त पातळ करायच्या गोळ्या वर्षभर, बी१२ ची इंजेक्शनं. जीव वाचला, पण डाव्या डोळ्यानं बाजूचं दिसत नाही आजही, गाडी चालवताना मान वळवावी लागते. ते अकरा दिवस वाया घालवले नसते तर डोळा राहिला असता असं मला वाटतं. दारू त्या दिवसापासून बंद, आठ वर्षं झाली.

जालना_एमडी
गोदाकाठ, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटनं ४२८ पेशंटची नोंद २०१२ मध्ये छापली होती, त्यात निम्म्याहून थोडे जास्त पुरुष होते. पाश्चात्य देशांत चारात तीन बायका असतात, आपल्याकडे चित्र वेगळं आहे. रक्त कमी, होमोसिस्टीन जास्त, दारू ही कारणं तिथं ठळक दिसली. नांदेड, परभणी, लातूरचे किती पेशंट उपचाराला हैदराबादला जातात ते आपल्याला माहीतच आहे.

डोळ्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दाब बरेच दिवस राहिला तर नजर कायमची जाऊ शकते. म्हणून या आजारात डोळ्याच्या पडद्याची तपासणी पुन्हा पुन्हा करतात.

औंढेकर
हे सगळं इंजेक्शनमुळं हाय. कोरोनाच्या लसीनंतर तरुण पोरं कशी पटापट जायलीत बघा.

जालना_एमडी
औंढेकर, लसीनंतर अशा गुठळ्या झाल्या हे खोटं नाही. २०२१ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर, म्हणजे आपल्याकडची कोविशिल्ड, असे दुर्मिळ पेशंट युरोपात सापडले. पण ते लस घेतल्यापासून काही आठवड्यांच्या आत, आणि त्यात प्लेटलेट खूप कमी झालेल्या असायच्या. इतक्या वर्षांनी बाळंतपणानंतर झालेल्या गुठळीला त्याच्या माथी मारलं तर खरं कारण शोधायचं राहून जाईल.

लातूरची_लेक
मला अजून एक सांगायचंय, ते पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांचं. आमच्याकडं महालक्ष्म्या आल्या की मेडिकलवर रांग असते. लग्न, वास्तुशांती, वारी, प्रत्येकाला गोळी. चिठ्ठी लागत नाही, नाव पण विचारत नाहीत, 'किती दिवस?' एवढंच विचारतात. माझ्या जावेनं आधी महालक्ष्म्यांसाठी, मग लगेच नवरात्रासाठी अशा जवळजवळ महिनाभर घेतल्या, त्यात नऊ दिवस उपास, निर्जळी म्हणून पाणी पण नीट नाही. सातव्या माळेला डोकं दुखून फीट आली. हीच गुठळी. आता बरी आहे पण सहा महिने घर हललं होतं. डॉक्टर, त्या गोळीनं होतं का?

जालना_एमडी
त्या गोळीतलं नॉरएथिस्टेरॉन मोठ्या डोसमध्ये घेतलं की त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेननं रक्त गोठायचं प्रमाण वाढतं. धडधाकट बाईनं डॉक्टरांना विचारून चार दिवस घेतली तर धोका कमी असतो. पण आधी कधी गुठळी झालेली, घरात कोणाला पायात-छातीत गुठळी झालेली, वजन खूप जास्त, यांनी मेडिकलवरून घेऊच नये. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच, इस्ट्रोजेन असलेल्या. एकदा ही गुठळी झाली की त्या गोळ्या बंद, तांबी वगैरे दुसरा मार्ग.

मालतीमावशी
महालक्ष्मीला गोळी खायची काय गरज? आमच्या वेळी अडचण आली तर शेजारीण नैवेद्य करायची. देवीला कळतं सगळं.

लातूरची_लेक
मावशी हे तुम्ही म्हणलात ना, माझ्या सासूला फोन लावून सांगा 🙏

स्कॅन_वाला
मी सीटी-एमआरआय सेंटरवर टेक्निशियन आहे, गाव सांगत नाही. सेलूकरांनी लिहिलं की सीटीत कळलं नाही, तो मुद्दा सगळ्यांनी लक्षात ठेवा. साधा सीटी या आजारात बऱ्याच वेळा नॉर्मल येतो. कधी कधी शिरेच्या जागी पांढरी दोरीसारखी दिसते पण ती दिसलीच पाहिजे असं नाही. नातेवाईक रिपोर्ट बघून 'नॉर्मल आहे' म्हणून पेशंटला गाडीत घालून घरी नेतात आणि मला आतून कसंतरी होतं. चिठ्ठीवर एमआरआयसोबत व्हेनोग्राफी (शिरांचा स्कॅन), म्हणजे एमआरव्ही, लिहिलंय का बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा. एमआरव्ही डाय (शिरेतून द्यायचं स्कॅनचं औषध) न देता पण करता येतो, त्यामुळं बाळंतिणीच्या दुधाची काळजी करू नका. खर्चाचं म्हणाल तर दवाखान्यात महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड घेऊन आधी त्याला भेटा.

कन्नडघाट
आमच्या पुतण्याला झालं होतं, ९ वर्षांचा. कान फुटलेला, दोन वर्षं वाहत होता, आम्ही गरम तेल घालायचो. मग ताप, कानामागं सूज, डोकं दुखून उलट्या. कानामागच्या हाडात पू झाला आणि तिथून शेजारच्या शिरेत गुठळी, असं सांगितलं संभाजीनगरला. कानाचं ऑपरेशन झालं. आता दहावीत आहे, कबड्डी खेळतो. वाहत्या कानाला हलकं घेऊ नका एवढंच.

सेलूकर
अपडेट. आज वॉर्डात आणलं. फीट परत नाही. उजवा हात उचलायलीय, मूठ अजून नीट वळत नाही. बाळाला रोज एकदा दाखवायला नेतो. सध्या वरचं दूध चालू आहे. सगळे म्हणायलेत की गोळ्या दुधात उतरतील, पाजू नको. ती त्यानंच जास्त खचलीय, छाती दाटून येते, पिळून टाकून द्यायची आणि रडायची. काय करावं?

जालना_एमडी
हेपरिनची इंजेक्शनं आणि वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम या रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असताना अंगावर पाजायला हरकत नसते. डाबिगॅट्रानसारख्या नवीन गोळ्या चांगल्या आहेत, २०१९ च्या एका अभ्यासात या आजारात वॉरफरिनच्या तोडीस तोड ठरल्या, पण पाजणाऱ्या आईला त्या शक्यतो देत नाहीत. फिटाच्या गोळीचं तिथल्या डॉक्टरांना विचारा, बऱ्याच गोळ्यांवर बाळाकडे लक्ष ठेवून पाजता येतं. आजच विचारा, उद्यावर टाकू नका, दूध आटायला वेळ लागत नाही.

सेलूकर
विचारलं. हो म्हणले. बाळाला जास्त झोप येते का तेवढं बघा म्हणले. आईनं उशीचा टेका लावून बाळ धरलं आणि हिनं डाव्या हातानं पोरीचं डोकं सावरलं. वॉर्डातल्या बाया पण रडल्या.

बालाघाट
वाचून डोळ्यात पाणी आलं राव.

भूमकन्या
मी इतक्या वेळ गंमत केली पण मला पण झालं होतं हे, पहिल्या बाळंतपणात, सात वर्षांपूर्वी. सांगायचं हे की दुसरं लेकरू पण झालंय मला. सगळे म्हणत होते आता परत नको, मरशील. डॉक्टर म्हणले परत व्हायचा धोका आहे पण कमी आहे, काळजी घेऊन करता येतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, बाळाला व्यंग येऊ शकतं, म्हणून दिवस राहायच्या आधीच त्यांना विचारून ठेवलं. मग पूर्ण नऊ महिने पोटात रोज इंजेक्शन आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे. पोट सगळं निळं-हिरवं झालं होतं. नवरा घड्याळ लावून रात्री नऊला टोचायचा, पहिल्या दिवशी त्यालाच चक्कर आली 😄 मुलगा आता दीड वर्षाचा आहे, सगळं घर डोक्यावर घेतो.

पाथरीचा_बाळू
वॉरफरिनवर असताना मेथीची भाजी बंद करायची का? आमच्या वडिलांना हृदयासाठी चालू आहे म्हणून विचारलं. आणि कोणी म्हणतं रोज लसूण खाल्लं की गोळी लागत नाही.

जालना_एमडी
मेथी, पालक बंद करू नका, रोज साधारण सारखंच प्रमाण ठेवा. आठवडाभर काहीच नाही आणि पोळ्याला गंजभर मेथी असं नको, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, खालीवर होतो. तो बहुतेक २ ते ३ च्या मध्ये ठेवतात. लसणाच्या भरवशावर गोळी कधीच सोडू नका. दुखण्याच्या गोळ्या आणि कुठल्याही पुड्या न विचारता घेऊ नका.

सेलूकर
मंडळी, साडेपाच महिन्यांनी लिहितोय. परवा परत एमआरव्ही झाला. शीर बरीचशी मोकळी झालीय, बाजूची एक थोडी बारीक राहिलीय पण रक्त वाहतंय. रक्त पातळ करायची गोळी पुढच्या महिन्यात थांबवू म्हणले, त्यानंतर रक्तातले गोठण्याचे दोष आहेत का त्याची तपासणी करणार. फिटाची गोळी अजून चालू. आयएनआर मी एका वहीत लिहित होतो, २ च्या खाली आला की लाल पेनानं, पहिल्या दोन महिन्यांत पानं लाल होती, आता सगळं निळं आहे.

बोलणं आलं. घाईत असली की एखादा शब्द अडतो, मग ती थांबते, डोळे मिटते आणि शोधून काढते. भाकरी थापते, उजवी बाजू जरा जाड होते. पोरगी पालथी पडायलीय.

आईनं तिच्या खोलीत तांब्या ठेवलाय, रिकामा झाला की भरते आणि भिंतीवर कोळशानं रेघ मारते. तिला म्हणलं आता पुरे, ऐकत नाही. गल्लीत कोणाचं बाळंतपण झालं की तिथं पण जाऊन सांगते.

मालतीमावशी
नातसुनेला दिवस गेलेत. ह्या वेळी मी पण भरून ठेवणार आहे तांब्या. शेगडी मात्र देणार, पण बाजेपासून लांब.

वसमतकर_पोरगा
आत्ताच धागा सापडला. माझ्या वहिनीला सिझर होऊन सहावा दिवस, कालपासून डोकं लै दुखायलंय. मान पण धरलीय. घरचे म्हणायलेत उद्या बघू. काय करू?

सेलूकर
उद्या नको. आत्ता निघा. जवळचं नको, जिथं एमआरआय आहे तिथं. डोकं बसल्यावर जास्त दुखतं का झोपल्यावर ते तिला विचारा आणि डॉक्टरांना सांगा. गाडी नसंल तर १०८.

जालना_एमडी
सेलूकरांशी सहमत. मणक्यात भुलीचं इंजेक्शन दिल्यावर दुखतं ते बसल्या-उभ्यानं वाढतं आणि आडवं पडल्यावर बरं वाटतं. पण ते घरी बसून ठरवू नका, दोन्ही एकत्रही असू शकतात. बीपी मोजायला सांगा. वाटेत पाणी पाजा.

वसमतकर_पोरगा
नांदेडला पोहोचलो. तपासलं, एमआरव्ही केला. गुठळी नाही. भुलीच्या इंजेक्शनचं दुखणं आहे म्हणले, बसलं की दुखत होतं तिला. झोपवून ठेवलंय, पाणी भरपूर द्यायला सांगितलंय. घरचे म्हणायलेत उगं पैसे घातले.

सेलूकर
घालू द्या. गुठळी निघाली नाही हे ऐकून आमच्या घरात सगळ्यांना बरं वाटलं. आई इकडून विचारायलीय, भरपूर म्हणजे किती तांबे सांगितले?